कॉफीच्या दुकानांतील वाय-फायचा पुरवठादार बदलताना करारात काय पाहावे?

हिशेबनीस_सातरस्ता

सोलापुरात तीन शाखा असलेल्या एका कॉफीच्या दुकानसाखळीचे हिशेब मी पाहतो. सात रस्ता, होटगी रोड आणि जुळे सोलापूर अशा या शाखा आहेत. ग्राहकांसाठीच्या वाय-फायचा पुरवठादार बदलायचे मालकांनी ठरवले असून नव्या पुरवठादाराचे दरपत्रक माझ्याकडे तपासणीसाठी आले आहे. त्यात सर्वांत ठळक अक्षरांत एकच गोष्ट छापली आहे : आताच्या दहापट वेग.

हा आकडा वाचून स्टारबक्सची आठवण झाली. ३१ जुलै २०१३ रोजी गूगलने अमेरिकेतील स्टारबक्सच्या सुमारे ७,००० दुकानांतील वाय-फाय एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडून आपल्याकडे घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा दहापटीपर्यंत वेगाचेच आश्वासन दिले होते आणि गूगल फायबर ही गूगलची स्वतःची वेगवान इंटरनेट सेवा असलेल्या शहरांत तर शंभरपटीपर्यंत. काम पूर्ण व्हायला दीड वर्ष लागेल असेही तेव्हाच सांगितले होते. मात्र या साखळीने पुरवठादार बदलण्याची ती पहिली वेळ नव्हती. २००१ मध्ये मोबाइलस्टार नावाच्या कंपनीबरोबर सुरुवात झाली आणि ती कंपनी त्याच वर्षी आर्थिक अडचणीत सापडली. तिचे जाळे पुढे टी-मोबाइल या दूरसंचार कंपनीकडे गेले व ऑगस्ट २००२ मध्ये सुमारे १,२०० दुकानांतून सशुल्क सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये एटी अँड टीची निवड जाहीर झाली. त्या वेळी स्टारबक्सचे कार्ड वापरणाऱ्याला दिवसाला दोन तास मोफत आणि इतरांना दोन तासांसाठी ३.९९ डॉलर अशी व्यवस्था ठरली. १ जुलै २०१० पासून अमेरिकेतील दुकानांत ही सेवा सर्वांना मोफत झाली. त्यानंतर तीन वर्षांनी गूगल आले.

या क्रमाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर वेगापेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. सुरुवातीला पैसे ग्राहक देत होता, मग कार्डधारकाचा भार दुकानाने उचलला, नंतर सर्वांचाच उचलला आणि शेवटी जाहिरातीवर जगणारी कंपनी पुरवठादार म्हणून आत आली. प्रत्येक बदलाबरोबर पैसे कोणाच्या खिशातून जातात आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळते, याची मांडणी पालटत गेली. आमच्या तीन दुकानांची स्टारबक्सशी तुलना हास्यास्पद आहे हे मान्य, तरीही प्रश्न तोच आहे. दरपत्रकात वेग लिहिला आहे, पण या बदलात दुकान काय देऊन बसणार आहे ते लिहिलेले नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात सांगतो. उपाहारगृहांना पाच टक्के जीएसटी लागतो, पण त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. इंटरनेटच्या बिलावर अठरा टक्के कर असतो. म्हणजे समजा महिन्याचे भाडे ६,००० रुपये धरले, तर वरचे १,०८० रुपये दुकानाच्या खिशातूनच जातात. पुरवठादाराचा विक्री प्रतिनिधी कर वगळून दर सांगतो आणि 'तो तर परत मिळतोच' असे वर ऐकवतो. कापडाच्या व्यापाऱ्याला तो मिळत असेल, आम्हाला मिळत नाही.

जाणकारांनी करारात काय पाहावे ते सांगावे.

कडकभाकरी

माझा प्रश्न त्याआधीचा आहे. हे वाय-फाय ठेवायचेच कशासाठी? भारतात कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडले तेव्हा कॉफीबरोबर इंटरनेट हीच तिथली मोठी ओढ होती, कारण सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागून जेमतेम वर्ष झाले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर ते कारण उरले नाही. आज सात रस्त्यावर कॉफी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात रोजचा एक-दोन जीबी डेटा असतो आणि रात्री बारा वाजता तो न वापरताच वाया जातो. मालकांनी ते पैसे वातानुकूलन यंत्राच्या देखभालीवर खर्च करावेत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा माणूस दुकानात शिरतो तो गारव्यासाठी.

अभ्यासिकेतला_कोपरा

कडकभाकरी यांचे म्हणणे मोबाइलपुरते खरे आहे. मी आणि माझ्यासारखे बरेच जण लॅपटॉप घेऊन बसतो. ऑनलाइन सराव परीक्षा सुरू असताना मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवला आणि मध्येच घरून फोन आला, तर काही हँडसेटवर जोडणी खंडित होते व पेपर तिथेच थांबतो. शिवाय होटगी रोडची शाखा इमारतीच्या मागच्या अंगाला असल्यामुळे आतल्या टेबलांवर मोबाइलचा सिग्नल एका दांडीवर येतो. तिथे वाय-फाय नसेल तर मी दुसरीकडे बसेन, आणि दोन तासांत ज्या दोन कॉफ्या व एक सँडविच घेतो तेही दुसरीकडेच घेईन.

माझी तक्रार वेगाची नाही. दर वेळी मोबाइल क्रमांक टाका, ओटीपीची वाट पाहा, तो आला नाही तर पुन्हा मागवा, आणि जोडणी झाल्यावर आधी एक जाहिरात पाहा, या साऱ्यात जीव जातो. पुरवठादार बदलत असतील तर हे तरी बदलावे.

जुनी_तार

दूरसंचार खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून तारेच्या बाजूने लिहितो.

'दहापट' या आकड्याला अर्थ येतो तो आधी काय होते ते कळल्यावर. एटी अँड टीच्या काळात स्टारबक्सच्या बऱ्याच दुकानांना टी-१ नावाची जुन्या प्रकारची तारेची जोडणी होती. तिची क्षमता सेकंदाला १.५४४ मेगाबिट, आणि तीही दुकानात बसलेल्या सगळ्यांमध्ये वाटली जाणारी. २००२ मध्ये लॅपटॉपवर पत्रे वाचणाऱ्या चार ग्राहकांना ती भरपूर होती. २०१३ मध्ये प्रत्येकाच्या हातात चित्रफिती पाहणारा फोन आला, तेव्हा तीच जोडणी घसा आवळल्यासारखी वाटू लागली. म्हणजे 'दहापट' हे नव्याच्या थोरवीइतकेच जुन्याच्या जीर्णतेचेही माप होते. तेव्हा हिशेबनीस साहेबांनी पहिल्यांदा आपल्या सध्याच्या जोडणीची गर्दीच्या वेळची मोजणी करावी, संध्याकाळी सहा ते नऊ, तारेने जोडलेल्या संगणकावर आणि मग शेवटच्या टेबलावर वाय-फायवर. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट आला तर दोष पुरवठादाराचा नाही, दुकानातल्या उपकरणांचा आहे, आणि पुरवठादार बदलून तो जाणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दरपत्रकात 'लीज्ड लाइन' लिहिले आहे की 'ब्रॉडबँड', ते नीट वाचावे. लीज्ड लाइनमध्ये ठरलेली क्षमता फक्त तुमची असते, येणारा आणि जाणारा वेग सारखा असतो आणि बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती, न झाल्यास बिलात किती सूट, हे लेखी असते. ब्रॉडबँड स्वस्त पडते, कारण तीच क्षमता शेजारपाजारच्या अनेकांत वाटलेली असते. तीन छोट्या दुकानांना लीज्ड लाइनची गरज नाही असे माझे मत आहे. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड जोडण्या घेऊन एक बंद पडताच दुसरी आपोआप सुरू होईल असा राउटर बसवावा.

मात्र इथे सोलापूरचा अनुभव कामी येतो. दोन कंपन्यांच्या केबल अनेकदा एकाच खांबावरून, कधी कधी एकाच स्थानिक केबलचालकाच्या हातून आलेल्या असतात. रस्ता खोदला किंवा उसाने लादलेल्या ट्रॉलीत वायर अडकली की दोन्ही एकदम तुटतात. दुसऱ्या जोडणीचे पैसे देण्याआधी मालकांनी स्वतः बाहेर उभे राहून केबल कुठून येते ते डोळ्यांनी पाहावे. एकाच खांबावरून येत असेल तर दुसरी जोडणी म्हणून फोर-जी किंवा फाइव्ह-जीचा राउटर ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

यंत्रमाग_ते_गणवेश

जुनी_तार यांनी जाणाऱ्या वेगाचा उल्लेख केला, त्याला दुजोरा देतो. आमचा गणवेशांचा व्यवसाय आहे. बाहेरगावचे ग्राहक आले की त्यांना कारखान्यातल्या आवाजात बसवण्यापेक्षा कॉफीच्या दुकानात नेतो आणि तिथून नमुन्यांची छायाचित्रे पाठवतो, कधी व्हिडिओवरून शिलाई दाखवतो. खाली उतरणारा वेग शंभर आणि वर जाणारा दहा असेल, तर समोरच्याचे चित्र मला स्वच्छ दिसते आणि माझे कापड त्याला धूसर दिसते. दुकानदार वेग तपासतो तेव्हा फक्त पहिला आकडा पाहतो.

राउटर_आणि_रस्सा

मी पुण्यात नेटवर्कचे काम करतो, मूळचा अशोक चौकातला. वेगावर वरती चांगली चर्चा झाली आहे, म्हणून मी फक्त स्थलांतराबद्दल लिहितो, कारण दुकाने फसतात ती तिथे.

नव्या पुरवठादाराला वाय-फायचे नाव बदलू देऊ नये. तुम्ही म्हणाल नावात काय आहे. आयओएस १४ या प्रणालीपासूनचे आयफोन आणि अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन प्रत्येक वाय-फाय जाळ्याला स्वतःचा वेगळा, बनावट हार्डवेअर पत्ता (ज्यावरून जाळे फोन ओळखते) दाखवतात आणि हा पत्ता जाळ्याच्या नावाशी बांधलेला असतो. नाव तेच राहिले तर नव्या उपकरणांपुढेही फोन साधारणपणे जुनाच पत्ता घेऊन येतो. नाव बदलले की तो नवखा होतो आणि आपणहून जोडला जाणेही थांबते. स्टारबक्समध्ये गूगलने जाळ्याला 'गूगल स्टारबक्स' असे नाव दिले, म्हणजे दुकानाच्या पाटीवर पुरवठादाराचे नाव चढले. त्यांना ते परवडले असेल. आमच्या हिशेबनीस साहेबांनी मात्र करारात स्पष्ट लिहून घ्यावे की जाळ्याचे नाव दुकानाच्या मालकीचे आहे.

पुढचा मुद्दा उपकरणांचा. छताला लावलेली वाय-फायची खोकी पुरवठादाराने 'मोफत' दिली असतील, तर करार संपला की ती उतरवून नेली जातात, नाहीतर त्यांच्या क्लाउडवरील खात्याला बांधलेली असल्यामुळे नुसती शोभेची उरतात. तीन शाखांसाठी खोकी स्वतः विकत घ्यावीत आणि त्यांच्या व्यवस्थापनाचे खाते दुकानाच्या ईमेलवर उघडावे. मग पुरवठादार म्हणजे फक्त भिंतीतून आत येणारी तार, आणि ती केव्हाही बदलता येते.

ओटीपीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. व्यावसायिक एसएमएस पाठवण्यासाठी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. साच्यात एका शब्दाचा फरक पडला तरी संदेश अडतो. नव्या पुरवठादाराचा साचा मंजूर झाला आहे का, हे विचारल्याशिवाय जुनी सेवा बंद करू नये. नाहीतर वेग दहापट असेल आणि आत कोणालाच येता येणार नाही. अभ्यासिकेतला_कोपरा यांना येणारा उशीर बहुधा याच भानगडीतला असावा.

बिलाचे यंत्र, कॅमेरे आणि स्वयंपाकघरातला प्रिंटर ग्राहकांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावेत. ग्राहकांच्या फोनांनी एकमेकांना पाहू नये, ही सोय बहुतेक खोक्यांत असते, फक्त कोणी सुरू करत नाही.

जुनी_तार

स्थलांतराचा विषय निघालाच आहे तर टी-मोबाइलने जून २००८ मध्ये स्टारबक्सवर दावा दाखल केला होता, त्याची आठवण करून देतो. बदल टप्प्याटप्प्याने व्हायचा होता आणि दुकाने अजून जुन्याच जाळ्यावर चालली होती. तेवढ्यात नव्या भागीदाराच्या, म्हणजे एटी अँड टीच्या, नावाने मोफत वाय-फायची योजना सुरू झाली. आमच्या जाळ्यावरून आमच्या संमतीविना फुकट सेवा दिली जात आहे, असे टी-मोबाइलचे म्हणणे होते. आपल्याकडे प्रकरण न्यायालयात जाणार नाही, पण जुन्या पुरवठादाराचा माणूस रागावून उपकरणे घेऊन गेला तर आठवडाभर दुकान कोरडे राहते. जुन्या कराराची सूचना-मुदत वाचावी आणि किमान एक बिलिंग महिना दोन्ही जोडण्या चालू ठेवाव्यात.

कलम_आणि_पोटकलम

वकिलीच्या दृष्टीने दोन गोष्टी.

ओटीपीचा त्रास पुरवठादाराने हौसेने लावलेला नाही. २००८ मधील बॉम्बस्फोटांच्या वेळी असुरक्षित वाय-फायचा वापर करून ईमेल पाठवल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवरून किंवा मोबाइलवर पाठवलेल्या सांकेतिक शब्दावरून पटवावी, असा त्यांचा आशय होता. अमेरिकेतल्या दुकानात एका टिचकीने आत जाता येते आणि इथे जाता येत नाही, त्याचे कारण हे आहे. त्यामुळे फळ्यावर खडूने पासवर्ड लिहून ठेवणाऱ्या दुकानदारांनी आपण काय जोखीम घेत आहोत याचा विचार करावा. उद्या कोणी त्या जोडणीवरून गुन्हा केला तर नोंदीत दुकानाचाच पत्ता निघेल.

दुसरी गोष्ट म्हणजे जमा झालेले मोबाइल क्रमांक. हिशेबनीस साहेबांनी विचारले की दुकान काय देऊन बसते. माझे उत्तर आहे, हे क्रमांक, आणि कोण कधी आले व किती वेळ बसले याची नोंद. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा रोख असा आहे की माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी आणि संमती स्पष्ट असावी. वाय-फायची जोडणी देण्यासाठी घेतलेला क्रमांक साड्यांच्या सेलचा संदेश पाठवण्यासाठी वापरणे त्यात बसत नाही. दरपत्रकात सेवा संशयास्पद स्वस्त असेल, किंवा 'ग्राहक-विश्लेषण मोफत' असे लिहिले असेल, तर किमतीतली तफावत कुठून भरून निघते ते तिथेच समजावे. करारात तीन वाक्ये असावीत. क्रमांक दुकानाच्या वतीने घेतले जातात. पुरवठादार ते अन्य कामासाठी वापरणार नाही. कायद्याने ठेवणे भाग असलेल्या नोंदी वगळता बाकी सारे करार संपताच पुसले जाईल आणि तसे लेखी कळवले जाईल. जुन्या पुरवठादारालाही हेच पत्र आजच पाठवावे. बदलाच्या घाईत त्याच्याकडची यादी सगळेच विसरतात.

कडकभाकरी

या सगळ्या कटकटी वाचून माझे मत पक्के झाले. पीएम-वाणी म्हणून सरकारी योजना आहे ना, तिथे नोंदणी करून मोकळे व्हावे.

राउटर_आणि_रस्सा

पीएम-वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजुरी दिली. तीत दुकानदार सार्वजनिक डेटा कार्यालय बनतो, त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. ग्राहकांची ओळख पटवणे आणि हिशेब ठेवणे ही कामे वरचा समूहक, म्हणजे अशा अनेक दुकानदारांना एकत्र जोडणारी कंपनी, करतो. पानवाला, चहावाला, बसस्थानकासमोरचा झेरॉक्सवाला यांनी पाच-दहा रुपयांत डेटा विकावा ही त्यामागची कल्पना आहे. अडचण पुरवठ्याच्या दराची होती, कारण कंपन्या दुकानदाराला महाग व्यावसायिक जोडणी घ्यायला सांगत. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर मर्यादा घातली : २०० मेगाबिटपर्यंतची घरगुती फायबर योजना अशा दुकानदाराला किरकोळ दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. कॉफीचे दुकान डेटा विकत नाही, आदरातिथ्य म्हणून देते, त्यामुळे ही योजना इथे आडवळणाने बसते. तरीही जुळे सोलापूरच्या शाखेत, जिथे विद्यार्थी तासन्‌तास बसतात, पहिला तास मोफत आणि पुढचा विकत असा प्रयोग करायला ती उपयोगी पडू शकेल. रेल्वे स्थानकांवर रेलटेल या सरकारी कंपनीने तसेच केले आहे. अर्धा तास फुकट, पुढे पैसे.

होटगीरोडची_रहिवासी

सुरक्षिततेबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचे एक छोटे साधन प्रसिद्ध झाले आणि उघड्या वाय-फायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फेसबुक खात्यात शिरणे किती सोपे आहे ते जगाला दिसले. त्यानंतर मोठी संकेतस्थळे पूर्णपणे सांकेतिक (मध्ये कोणाला वाचता न येणाऱ्या) जोडणीवर गेली, त्यामुळे आज तो धोका पुष्कळ कमी झाला आहे. पण पुरवठादार स्वतः मध्ये बसलेला असतो, त्याचे काय? डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनोस आयर्समधील स्टारबक्सच्या वाय-फायवर जोडताना ग्राहकांच्या लॅपटॉपवर आभासी चलनाचे खाणकाम करणारा, म्हणजे ग्राहकाच्या संगणकाची शक्ती वापरून परक्यासाठी चलन मिळवणारा, कोड चालवला जात असल्याचे आढळले. स्टारबक्सने सांगितले की वाय-फाय आम्ही चालवत नाही, पुरवठादार चालवतो, आणि त्याला दुरुस्ती करायला लावली. ते खरेच असेल, पण बातमीत नाव छापले गेले ते कॉफीच्या दुकानाचे. जोडणीच्या पहिल्या पानावर काय दिसेल, कोणती जाहिरात येईल, हे दुकानाच्या मंजुरीशिवाय बदलता येणार नाही, असे लिहून घ्यावे.

हिशेबनीस_सातरस्ता

सर्वांचे आभार. आज मालकांबरोबर बसून पुढील गोष्टी ठरवल्या.

संध्याकाळची मोजणी केली. सात रस्ता शाखेत तारेवरचा वेग कराराप्रमाणे मिळतो आणि मागच्या टेबलावर त्याचा पाचवा हिस्साही पोहोचत नाही, म्हणून तिथे आधी छतावरची खोकी बदलणार. होटगी रोडवर मात्र तारेवरच वेग पडतो. परिणामी पुरवठादार सध्या फक्त होटगी रोड आणि जुळे सोलापूर येथे बदलेल. खोकी तिन्ही ठिकाणी दुकानाच्या पैशाने येतील. जाळ्याचे नाव तेच राहील.

दरपत्रकाखाली बारीक अक्षरांत 'भागीदारांबरोबर विश्लेषणात्मक माहितीची देवाणघेवाण' असे एक वाक्य सापडले. कलम_आणि_पोटकलम यांची तीन वाक्ये पुरवठादाराला पाठवली, तेव्हा ते वाक्य काढल्यास महिन्याचे भाडे सुमारे एक-तृतीयांशाने वाढेल असे उत्तर आले. एका अर्थी त्यांनी ग्राहकांच्या क्रमांकांचा भाव स्वतःच सांगितला. मालक वाढीव भाडे द्यायला तयार आहेत, मी मात्र अजून दुसऱ्या एका कंपनीचे दर मागवले आहेत.

जुनी_तार

योग्य केलेत. एकच विनंती, बदलाची तारीख जानेवारीत ठेवू नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरातले मोबाइल मनोरे गर्दीने दमलेले असतात आणि दुकानातल्या वाय-फायची खरी गरज त्याच दिवसांत भासते.

हिशेबनीस_सातरस्ता

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला आहे. जुन्या पुरवठादाराला सूचना-पत्र आणि क्रमांकांच्या यादीबद्दलचे पत्र, दोन्ही उद्या पोचदेय टपालाने जातील.